तीनदा पाय आपट

ज्वालामुखीखाली काय हालतंय ते भूकंपमापकाच्या नोंदींवरून ओळखणं हे माझं काम. माहेरी मलकापूरला आले की ते स्वयंपाकघरात बसूनही चालतं. मशीन दूर समुद्रातल्या निर्जन बेटावर, आणि त्याची वेडीवाकडी रेषा माझ्या लॅपटॉपवर. मालगाडी गेली की आईची फळीवरची भांडी थरथरतात. पोटात वितळलेला दगड सरकू लागला की डोंगरही तसाच थरथरतो, फक्त ही गाडी लवकर निघून जात नाही.

त्या सकाळी माझा नवरा त्याच बेटावर मशीनची बॅटरी बदलायला उतरला होता. आम्हा दोघांचं काम एकच. आमची रीत अशी, की काम झालं की मशीनजवळ तीनदा पाय आपटायचे. इकडे तीन टोकं उमटली की समजायचं, मशीन ठीक आहे आणि माणूस होडीकडे निघाला.

मेथी निवडता निवडता रेषेकडे पाहिलं आणि हात थांबला. थरथर सुरू झाली होती, वाढत होती. मी त्याचा सॅटेलाइट फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता निघ."

"दोनच स्क्रू राहिलेत," एवढं ऐकू आलं आणि फोन कट झाला.

रेषेत त्याची पावलं दिसत होती. म्हणजे अजून तिथेच. मला भयंकर राग आला. लग्नापासून या माणसाला काही सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"काऊन अशी बसून राह्यली बाई?" आईने विचारलं.

"माय, डोंगर खवळून राह्यला, अन् तुहा जावई तिथंच फिरून राह्यला."

आईने गॅस बंद केला आणि शेजारी येऊन बसली.

थरथर इतकी वाढली की पावलं तिच्यात बुडाली. तीन टोकं आलीच नाहीत. मग रेषाच तुटली, म्हणजे मशीन गेलं. फोन लागेना. बाहेरून मालगाडी गेली, भांडी वाजली आणि मी दचकून उभी राहिले. आईने माझं मनगट धरून ठेवलं. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

फोन आला तेव्हा मी तो स्पीकरवर टाकला; आधी होडीच्या इंजिनाचा आवाज आला.

"पाय का नाही आपटलेस?" मी ओरडलेच.

"तू म्हणालीस ना, आत्ताच्या आत्ता निघ. सगळं टाकून पळालो."

मी फोन ठेवला आणि पदरात तोंड घातलं.

"आता तं ऐकलं ना जावयानं तुह्यं," आई म्हणाली. "मंग रडून काऊन राह्यली?"