भास्करचा फळा

सुनंदावहिनींचा फोन सकाळी आला. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. भास्कर पहिल्या पाळीला निघाला होता. चपला घालताना खाली बसला, तो उठलाच नाही. त्याला आता दीड महिना होईल...

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो मीटर दुरुस्त करायचा. तीन-चार वर्षांपूर्वी, इंटरनेट आम्ही नुसतं ऐकून होतो तेव्हा, त्याने शिवमंदिराजवळच्या आपल्या दोन खोल्यांत एक जुना कॉम्प्युटर आणला आणि घरच्या फोनला जोडला. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि मोडेम असेल त्याने त्या नंबरवर फोन लावायचा, आधीच्यांचं वाचायचं, आपलं लिहायचं. लाइन एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच. भास्कर त्याला 'फळा' म्हणायचा. आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो, भांडायचो. कुणी वेडंवाकडं लिहिलं की भास्कर ते पुसायचा आणि त्या माणसाला स्वतः फोन करून समजवायचा.

बदलापूर गावातली विद्या रोज फळ्यावर यायची. तिचं मोडेम बसवायला आम्हीच गेलो होतो, म्हणून तिच्या पोलिओच्या पायाबद्दल फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. लिहायची मात्र अशी रोखठोक, की भलेभले गप्प व्हायचे. एकाला ते सोसवेना. फळ्यावर तो 'वादळ' होता, एरवी माझ्याच ऑफिसात. तो तिच्या मागे लागला. भास्कर त्याला काढणार होता. मीच म्हटलं, "एक संधी दे, मी बोलतो त्याच्याशी." आणि बोलता बोलता सांगून बसलो, की बिचारीला पायाचं दुखणं आहे, कशाला छळतोस...

दोन दिवसांनी माझी साप्ताहिक सुट्टी होती म्हणून उल्हासनगरला घरीच होतो. सकाळी फळा उघडला, तर विद्याच्या पायाबद्दल वादळने लिहिलेलं. काय ते इथे लिहिणार नाही. मी भास्करला कंपनीत फोन केला. तो घरी लावत राहिला, वहिनींनी शाळेला निघण्याआधी मशीन बंद करावं म्हणून. लाइन एंगेज. प्रत्येक वेळी एंगेज म्हणजे आणखी कुणीतरी वाचतंय. "तू जा, वायर काढ," तो मला म्हणाला. मी रिक्षा करून पोचलो, तर दाराला कुलूप. वहिनी शाळेत शिकवायला गेलेल्या. बंद खिडकीतून मोडेमची किरकिर ऐकू येत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मी गजांना धरून उभा होतो.

दुपारी भास्करने येऊन मजकूर पुसला, वादळला काढलं. संध्याकाळी आम्ही बदलापूरला गेलो. विद्याने चहा दिला. वादळला मी काय सांगून बसलो होतो, तेही मी कबूल केलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भास्करला म्हणाली, "दादा, तुम्ही पुसलंत. पण लोकांनी वाचलं ना. एवढ्या एका जागी मी नुसती विद्या होते."

ती परत आली नाही. त्यानंतर भास्कर प्रत्येक मजकूर आधी स्वतः वाचून मगच फळ्यावर लावू लागला. पाळीवरून येईपर्यंत सगळं अडकून पडायचं. माणसं कंटाळली, एकेक गळाली. मला तो कधी बोलला नाही. एकदाच म्हणाला, "संधी मी दिली. तू फक्त मागितलीस." बोलला असता तर बरं झालं असतं.

पुण्यानुमोदनाला, त्याच्या स्मरणासाठी जमलो त्या दिवशी, वहिनींनी सांगितलं, की सगळे फळा सोडून गेल्यावरही तो रोज संध्याकाळी सहा ते सात मशीन चालू ठेवायचा. विद्याची यायची वेळ ती. त्या तासात घरात कुणी फोनला हात लावायचा नाही.

परवा सहा वाजता मी तो नंबर फिरवला. मशीन आता बंद असतं. वहिनी घरीच होत्या, हे मला नंतर कळलं. रिंग वाजत राहिली... त्यांनी उचलला नाही.