आभाळ भरलेल्या दिवशी वहिनी

शेजारच्या वहिनींना कशाचीही भीती वाटायची. स्टोव्ह पेटवताना त्या मान फिरवत, आणि पोस्टमनची हाक आली की आधी खिडकीच्या फटीतून बघत. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ होती, आणि वहिनी मालवणकडच्या.

वर्षातले एकदोनच दिवस त्या निर्धास्त असत. ऑक्टोबरच्या उन्हात मधेच एखादा दिवस आभाळ भरून यायचं, वारा पडायचा, चाळ चिडीचूप व्हायची. मग त्या मला बोलवायच्या. "बस गो. आज खंय जाऊचा नाय, कोण येवचा नाय."

त्या दिवशीही मी चार महिन्यांच्या मुलीला घेऊन गेले. तिला स्वयंपाकघरात झोळीत निजवलं. आत अंधारलं होतं म्हणून वहिनींनी मागचं दार उघडं ठेवलं. बाहेरच्या खोलीत आम्ही चहा प्यायलो, वाल सोलत बसलो. वहिनी लहानपणीच्या गोष्टी सांगत होत्या. इतकं मोकळं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आत भांडं पडलं. मांजर असेल म्हणून मी मधल्या दारातून वळून पाहिलं, तर झोळीपासून हातभर अंतरावर बिबट्या उभा होता. तोंड झोळीकडे.

मी उठू लागले. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. "हलू नको." मग त्याच उठल्या, भिंतीला पाठ घासत आत गेल्या आणि झोळी अन् बिबट्या यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. हात रिकामे. बारीक आवाजात म्हणाल्या, "जा रे बाबा, जा."

तो गुरगुरला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग तो वळला आणि उघड्या दारातून गेला.

वहिनींनी दार लावलं आणि तिथेच बसल्या. त्यांचं लुगडं ओलं झालं होतं. पोर झोपलेलीच होती.

चाळ आठवडाभर त्यांचं कौतुक करत होती. त्या मात्र एकच म्हणत, "दार मीच उघडा ठेवलंय." खरं सांगायचं तर, चूक त्यांचीच असं मलाही वाटायचं.

दोन महिन्यांत त्यांनी दहिसरला खोली घेतली. निघताना मी मुलीला त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतले. "तिका माझ्याकडे देऊ नको."

मी मुलीला परत कडेवर घेतलं. बळेच त्यांच्या हातात द्यायला हवी होती, हे मला त्यांच्या सामानाचा टेम्पो निघून गेल्यावर कळलं.