मेघालीला रांगेतून काढलं तेव्हा

स्नेहलच्या वर्गात गोष्ट गुमान बसून ऐकायची सोय नाही. गोष्टीत जे जे घडतं ते एकेक पोर बनतं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांग लावतं, आणि मग स्नेहल त्यातल्या एकाला खेचून बाहेर काढते. "हा नसता तर?" ज्याचं त्याच्यावाचून अडतं त्याने खाली बसायचं.

हे तिला डी.एड.च्या पुस्तकांनी शिकवलं नाही. शिकूनही नोकरी लागेना, तेव्हा ती काल्हेरच्या एका गोदामात परत आलेल्या मालाच्या टेबलावर ड्युटी करायची. माल का परत आला ते प्रत्येक खोक्यावर लिहायचं. बाकीचे 'गिऱ्हाईक नको म्हणालं' असं खरडून मोकळे. स्नेहल खोकं उलटंपालटं करून बघायची. नको का म्हणालं? भिजलं होतं. का भिजलं? सुपरवायझर वैतागायचा, "मॅडम, शिफ्ट खतम झाली, तुमचं 'का' खतम होत नाही." पुढे ती शेलार गावाच्या पलीकडे एका पाड्यावरच्या शाळेत लागली, ती ही खोड बरोबर घेऊनच.

त्या दिवशी गोष्ट बकरीची होती. बकरीने दावं तोडलं, ती शेजाऱ्याच्या मिरच्यांत शिरली, शेजारी काठी घेऊन धावला, धावताना दुधाची किटली लवंडली. कुणाल झाला होता कावळा. बकरी सुटली तेव्हा तो कौलावर ओरडत होता, एवढंच. भाविकला, म्हणजे बकरीला, बाहेर काढलं तशी मागची सगळी रांग धपाधप बसली. कुणालला काढलं, तर एकही हलला नाही.

"म्हंजे मी फुकटच ओरडलो?" कुणालचं तोंड उतरलं.

"ओरडलास खरा. पण तुझ्यामुळे काही झालं नाही."

मग स्नेहलने विचारलं, आता आपल्या घरातली गोष्ट कोण सांगतं? हात वर आला मेघालीचा. आईबाप गोदामात कामाला, म्हणून ही दिवाळीनंतर आजी-आजोबांकडे राहायला आलेली, वर्गात कधी तोंड न उघडणारी. स्नेहल खूश झाली.

"मी आजीकडं आले म्हनून पंप जळला," मेघाली घडाघडा म्हणाली. "मी आले म्हनून आजोबा पडले. माझा पायगुन वाईट हाय. म्हनून आजी आज दाखला काढनार, मला अंबाडीला मामाकडं धाडनार."

स्नेहलचं डोकंच फिरलं. लेकीसुनांच्या माथी मारायला पायगुण हा शब्द फार सोयीचा. आणि 'म्हणून' तर तिनेच शिकवलेला, तोच पोरीने स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला होता. पण चिडून बोललं असतं तर पोर पुन्हा मिटली असती.

"रांग लावा," ती म्हणाली.

मेघाली पुढे. तिच्यामागे भाविक झाला पंप, रंजिता आजोबा. स्नेहलने मेघालीला बाहेर काढलं. "ही नसती तर?"

भाविक बसायला वाकला आणि अर्ध्यातच थांबला. त्याचं घर मेघालीच्या शेजारी. "बाई, मी न्हाय बसनार. त्या दिशी आमचा पन पंप जळला. लाइट कमीजास्त व्हत व्हती. मेघाली कुठं आमच्याकडं राहते?"

"मेघाली कावळा हाय," कुणाल उडीच मारून ओरडला. त्याला एकदाचा जोडीदार मिळाला होता. वर्ग खदखदला. मेघालीसुद्धा हसली.

"आणि आजोबा?"

"ओट्यावरून घसरले," रंजिता म्हणाली. "पानी व्हतं."

"कुनी टाकलं पानी?" पोरांना आता वासच लागला होता.

"मी टाकलं."

दारात पार्वतीआजी उभी होती. मेघालीची आजी, काखेत कागदांची पिशवी. केव्हापासून ऐकत होती कोण जाणे.

स्नेहलला वाटलं, हे भलतंच झालं. पोरीच्या मानेवरचं ओझं निघालं ते थेट म्हातारीच्या मानेवर, तेही पोराटोरांसमोर. आता ही बाई हट्टाने दाखला नेणार. विषय बदलावा का? पण 'का' विचारायला शिकवायचं आणि ऐन वेळी तोंडं बंद करायची, तर उद्या वर्गात उभं तरी कसं राहायचं?

"मग या रांगेत, आजी," ती म्हणाली. "काय रे, नुसत्या पाण्याने माणूस पडतो?"

"ओट्यावरचा बल्ब गेलेला," भाविक म्हणाला.

"आजोबांची चप्पल गुळगुळीत झालीय," हे मेघालीचं.

"शेवाळ पन व्हतं," रंजिता म्हणाली.

"आन हात धरू का म्हटलं तर म्हातारा अंगावर येतो," हे खुद्द आजीचं. "ते कुनी व्हायचं?"

त्यासाठी तर तिघं धावले. एकेक कारण बाकावरून उठून रांगेत घुसू लागलं. कुणाल बल्ब झाला, आजीच्या खांद्यावर बिनधास्त हात टाकून. रांग दारातून व्हरांड्यात गेली, शेजारच्या वर्गाची पोरं खिडकीला लटकली, स्नेहलचा घसा बसला तरी ती थांबेना.

"येवढी मानसं लागली म्हाताऱ्याला पाडायला?" पार्वतीआजी मागे वळून बघत म्हणाली.

"लागतातच."

"मंग हिला कुठं उभी करनार?"

पोरांनी मेघालीला रांगेभर फिरवलं. इथे घाल, तिथे घाल. ती कुठेच जुळेना. शेवटी ती एका बाजूला उभी राहिली, दात काढून.

"दाखल्याचं काय ते सांगा, आजी," स्नेहल म्हणाली. तिला धीर कसला तो नाहीच. "ऑफिस बंद होईल."

"होऊ दे." आजीने पिशवी काखेत घट्ट धरली. "आदी म्हाताऱ्याला चप्पल घेते. आन तू गं, शाळा सुटली का सरळ घरी ये. शेवाळ घासायचंय. तुज्यामुळं झालं न्हाय, तरी घासायचं."