चिंचेची पायरी

देवळामागची ती खोली मले नवरा गेल्यावर मिळाली. तो रेल्वेच्या इंजिनांच्या शेडात राख उपसाचा. घरी आला का खोकाचा, अन थुंकला तं काळं. दोन वर्सं अंथरुनात काढली अन गेला. पोरगी चार वर्साची होती. सक्करदऱ्याच्या तळ्याजवळची भाड्याची खोली सोडा लागली. मंग कोनीतरी सांगितलं, शेडापलीकडं एका सेठचं संगमरवरी देऊळ आहे, झाडपूस कराले बाई पाहिजे, राहाले खोली देते. मी त्याच दिवशी पोरीले कडेवर घेऊन गेली.

देऊळ सेठच्या आजोबानं बांधलं होतं. म्हातारे लोक सांगत, पयले असं पांढरं होतं का दुपारी डोळे दिपत. मी पाहिलं तवा ते जुन्या दातासारखं पिवळं झालं होतं. छज्जाखाली तं काळी पापडी धरली होती, जशी तव्याच्या बुडाले धरते. शेडात दिवसभर इंजिनं उभी, अन वारा तिकडून इकडं. सकाळी ओटा पुसा, दुपारी बोट फिरवा, बोट काळं.

देवळाचा कारभार पाहनारे मुनीमजी रोज चष्मा वर करून भिंतीकडं पाहत.

"बाई, तू पुसून राहिली का लेपून राहिली?"

"पुसूनच राहिली, मुनीमजी."

"मंग काळं काहून होऊन राहिलं?"

मी फडकं पिळून पुन्हा पुसाले लागली.

रामनवमीले सेठ येनार म्हनून निरोप आला. मुनीमजी म्हनले, "देऊळ पांढरं दिसलं नाई तं खोली खाली कर. दुसरी बाई पाहून ठेवली आहे."

पोरीले घेऊन मी जानार कुठं? तेच डोक्यात घेऊन मी देवाची भांडी घासाले बसली. चिंच भिजवली, मीठ टाकलं, तांब्या घासला. असा निघाला का तोंड पाहून घ्या. समोरच छज्जाच्या आडोशाले देवळाची पयली पायरी. मले वाटलं, तांब्याचं काळं निघते तं दगडाचं काहून नाई निघनार? उरलेली चिंच पायरीवर थापली अन नारळाच्या शेंडीनं घासली. काळं निघालं. मले लई हरीक झाला. मंग पानी टाकलं. पायरी वाळली, अन पाहिलं तं तिची चमक गेलेली. काळी नाई, पिवळी नाई, पन मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. हात फिरवला तं खरखर. मी तितंच थांबली. बाकीच्या पायऱ्याले हात नाई लावला.

मुनीमजीनं पाहिलंच.

"घ्या. आता समजलं देवळाले काय झालं ते. वर्सभर हिनं चिंच घासली."

"आजच घासली, मुनीमजी. अन एकाच पायरीले."

"सांगजो सेठले. पाहू तुहं ऐकते का."

सेठच्या दोन दिवस आधी मिस्त्री आला. राजस्थानचा, दगडाचं काम करनारा. सेठनंच धाडला होता. मुनीमजीनं त्याले सगळं चिंचेवर लावून सांगितलं. त्यानं बांबूची परांची बांधली, वर चढला, बराच वेळ छज्जाखाली नखानं खरवडत बसला. मंग वरूनच हाक मारली, "बाई, ऊपर आओ."

मुनीमजी हासले. "ती काय लुगड्यावर चढते का?"

मी काष्टा आवळला अन चढली.

वर दगडात कोरलेलं कमळ होतं, उघड्यावर, पावसात. मिस्त्रीनं त्याच्यावरून हात फिरवाले सांगितलं. हाताले कनी लागली, जशी जाडी साखर. फुंकली तं उडाली.

"मुनीमजी," त्यानं खाली आवाज दिला, "यहाँ तक इमली कौन लाया? बंदर?"

मुनीमजी खाली चष्मा पुसाले लागले. मंग मले हळूच म्हने, "इमली तो हवा में है, बाई. ये धुआँ पानी में मिलता है तो खट्टा हो जाता है. जहाँ बारिश लगती है वहाँ पत्थर को चाटता है, जहाँ नहीं लगती वहाँ काला जमता है."

मले नवऱ्याचा खोकला आठवला. मी परांची धरून खाली उतरली.

मिस्त्री म्हने, सेठ येन्याच्या आधी तुही पायरी चमकवून देतो, कोनाले कळनार नाई. मी नको म्हनलं. पायरी झाकली असती तं मुनीमजीनं बाकीचं काळं माह्याच नावावर ठेवलं असतं. चिंचेनं काय होते अन धुरानं काय, हे समजाले पायरी दिसली पाहिजे अन कमळही.

सेठ आले. मुनीमजीच्या आधी मीच पुढं झाली.

"सेठजी, ही पायरी मी खराब केली. चिंचेनं. वरचं मी नाई केलं. मिस्त्रीले विचारा."

सेठ वाकले, पायरीवर बोट फिरवलं. मिस्त्रीनं कमळाची कनी कागदात बांधून आनली होती, ती त्यांच्या तळहातावर ठेवली. सेठनं ती बोटानं चोळली, तं पीठ झालं. आजोबाचं देऊळ होतं ते. मंग शेडाकडं पाहिलं. तिथं एक इंजिन धूर सोडून राहिलं होतं.

मुनीमजी म्हनले, "मंग त्या दुसऱ्या बाईले काय सांगू?"

"नाई म्हनून सांगा. धुराले थोडंच कामावरून काढता येते." मंग माह्याकडं वळले. "बाई, आजपासून निस्तं पानी अन मऊ फडकं."

मी तिथं वीस-बावीस वर्सं पानी अन फडकं केलं. पोरीचं लगन त्याच खोलीतून झालं. शेडातली धुराची इंजिनं कमी झाली, तं रस्त्यानं ट्रक अन ऑटो वाढले. दाराच्या बाहेरच्या खांबावर, पावसाच्या बाजूले, एक लहानसा मोर कोरला होता. सुरुवातीले पुसताना त्याचा डोळा बोटाले लागे, मुगाच्या दान्यावढा. दर वर्सी तो बारीक होत गेला. मी जोर कधी लावला नाई, ओलं फडकं निस्तं टेकवत होती. खोली सोडली त्या दिवशी मी बोटानं डोळा चाचपला. नव्हता. निस्ती खरखर.

पायरी मात्र त्या दिवशी जशी झाली होती तशीच होती. तिले मी चिंच एकदाच लावली होती.