आक्काची शंभर मीटर

आमची आक्का पळायची म्हणजे काय पळायची! पारनेरकडच्या मुरमाड माळावर, अनवाणी. मागं पडलेली पोरं चिडून ‘घोडी, घोडी’ म्हणून ओरडायची. मी धाकटी, त्यांना ढेकळं मारायची.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. नगरला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या. पहिली आली तर तिला राज्याच्या स्पर्धेला पुण्याला न्यायचं, असं खेळाच्या सरांनी सांगितलं होतं. आक्काला दुसरं काही सुचत नव्हतं. तिची सुपारी फुटली होती, तरी आईच्या मागं एकच धोशा, “तेवढं पुन्याला पळू दे, मग लावा माझं लगीन.”

आणि इथंच आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, घोळ घातला. त्यांनी व्याह्यांनाच शर्यत बघायला बोलावलं! बैलगाड्यांच्या शर्यतीत आपला बैल पळणार असला की दादा पाव्हण्यारावळ्यांना आवर्जून न्यायचे, तसंच हे. पोरीचं कौतुक व्याह्यांनी डोळ्यांनी बघावं, एवढीच त्या भोळ्या माणसाची हौस. अहो, पण पोरगी म्हणजे काय बैल आहे?

आक्का निळी हाफपँट घालून उभी राहिली. बार झाला आणि बघता बघता ती पलीकडं पोचलीसुद्धा. एका सरांनी घड्याळ दुसऱ्या सरांना दाखवलं. मग टेप आणून सगळी पट्टी पुन्हा मोजली. कर्ण्यावरून पुकारलं, मुलींच्या शंभर मीटरचा जिल्ह्याचा नवा विक्रम! दादांनी टोपी हवेत उडवली.

व्याही मात्र धोतर झटकून उठले. “मांड्या उघड्या टाकून पळती पोरगी, सारं नगर बघतंय. लगीन करायचं आसंल तर याच म्हैन्यात. पुन्याला-बिन्याला जायचं न्हाई.”

सर घरी आले, त्यांनी दादांपुढं हात जोडले. आक्का चुलीपुढून उठून बाहेर आली. “दादा, पळून तर यिऊ द्या. मग कायबी म्हना.” दादा खाली बघत म्हणाले, “सोयरीक मोडली तर धाकटीला कोन करील?” धाकटी म्हणजे मी. मला कुणी विचारलं होतं का? आजही आठवलं की अंगाची लाही होते, आणि मागोमाग रडू येतं.

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. रीतच ती. सासरी जुन्या नावानं तिला पुन्हा कुणी हाक मारली नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती पोटुशी होऊन माहेरी आली. दुष्काळ होता, तरी नगरला स्पर्धा झाल्या. मी खो-खोला निघाले, तर हट्टानं माझ्याबरोबर आली आणि डोक्यावर पदर घेऊन बायकांत बसली. मुलींच्या शंभर मीटरच्या आधी कर्ण्यावरून तिचं माहेरचं नाव पुकारलं. विक्रम या मुलीच्या नावावर आहे, ती आली असेल तर तिनं पुढं यावं.

“ऊठ की गं!” मी तिचा दंड ओढला. ती हलली नाही. पुन्हा पुकारलं.

शेजारची म्हातारी म्हणाली, “का यीना गं ती पोरगी? मेली-बिली का काय?”

आक्का चुन्यानं आखलेल्या पट्ट्यांकडं बघत होती. “न्हाई मावशी,” ती म्हणाली, “लगीन झालं तिचं.”