डीपीवरची पेटी

एम.ई. इलेक्ट्रिकल दोन वर्षांचं असतं. माझं चौथं चालू आहे. डिग्री काही हाती येत नाही, किस्से मात्र साचत चाललेत. मित्रांना सांगतो, ते हसतात, मीही हसतो. खरं सांगायचं तर पार खचलोय.

*

थिसिसचा विषय, शेतीपंपांचे ट्रान्सफॉर्मर, गावाकडच्या भाषेत डीपी, का जळतात. लाइट आली की ऑटो स्विचमुळे सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपी जळते. गावी, वरवंडमध्ये, आप्पांना, म्हणजे वडिलांना, हे समजावून सांगितलं.

"हे तर आमाला बी ठावं हाय. ह्याला चार वर्षं?"

*

पाटसला मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांनी शिक्षण विचारलं आणि लगेच बंद पडलेला पंखा पुढ्यात ठेवला. तासभर खपलो. पंखा सुरू झाला. चार दिवसांनी निरोप आला, "पोरगं गुणाचं हाय, पर अजून शिकतंयच."

*

गाईड सरांना पहिलं चॅप्टर दिलं. दोन महिन्यांनी परत आलं. शेरा एकच होता: नाव पानाच्या मध्यभागी नाही.

*

मग सरांनी शेवटचं सांगितलं, "डीपीवरचं आठवडाभराचं रीडिंग आणा. मार्चअखेर सबमिशन, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द."

लॅबमधली रीडिंग घेणारी पेटी वायरमनमामांनी रीतसर आमच्या डीपीवर बसवून दिली. आठवड्यानं सकाळी काढली आणि तसाच कॉलेजला गेलो. ग्राफ काढला, तर लोड कुठं उसळलेलाच नाही. सर म्हणाले, "तुमच्या गावात प्रॉब्लेमच नाही. विषय बदला."

संध्याकाळी घरी आलो, तर सगळीकडे अंधार. आप्पा ओट्यावर बसले होते.

"आप्पा, आठवडाभर मोटारी बंद होत्या का?"

"बंद कशाला? तुझी पेटी बसली तवाच समद्यांना बोलावून सांगितलं. पोराची परीक्षा हाय, डीपी जळली तर नापास व्हईल. समद्यांनी ऑटो काढलं, पाळीपाळीनं मोटारी लावल्या. कुणी न्हाई म्हणलं न्हाई."

मी विचारलं, "आणि हा अंधार?"

"तू पेटी नेली, समद्यांनी परत ऑटो टाकलं. दुपारीच जळली डीपी."

मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जळंना का आता. तुझी परीक्षा तर झाली."