कणकेच्या गोळ्या आणि मामाचा समुद्र

विजूमामा गेल्याचं मला बबनभाऊंच्या फोनवरून कळलं. बबनभाऊ म्हणजे मामीचा धाकटा भाऊ. "जीजाजी नाही रहे," असं सांगून ते पुढच्याच वाक्यात म्हणाले, "आता ते काचेची टाकी काढून टाकू. घरात खारं पाणी चांगलं नसते." काही आठवडे झाले, पण ते दुसरं वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही...

मामा रेल्वेच्या ऑफिसात बाबू होता. रायपूरच्या गुढियारीत, जिथं उन्हाळ्यात टँकरवर भांडणं होतात, त्यानं पुढच्या खोलीत समुद्र भरला होता. मिठाचं पाणी, नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणि दगडांवर फुलांसारखी उघडणारी-मिटणारी मऊ पोवळी. मला ती चैन वाटायची. आजही वाटते. माणूस मेला म्हणून मी मत बदलणार नाही. "मोहल्ल्यात प्यायले पाणी नाही अन् तू समुद्र पोसून राहिला," असं म्हटलं की तो हसायचा. "काहून? आपल्या लोकायनं फक्त मोर्चेच पाहायचे का?"

हा समुद्र कितीदा तरी मेला. एका मे महिन्यात लाईट गेली, पाणी तापलं, पोवळी पांढरी पडली. मामानं शेजाऱ्यांच्या फ्रिजमधून बर्फाच्या बाटल्या मागून आणून पाण्यात तरंगवल्या. उशीर झाला होता. पुढच्या खेपेला त्यानं घाईनं नवा मासा सोडला आणि त्याचा रोग सगळ्यांना लागला. "चूक माझीच," म्हणून त्यानं रिकामी टाकी घासायला घेतली. त्याच्या एका साहेबाकडं, नवा रायपूरच्या बंगल्यात, अशीच टाकी होती आणि ती धुवायला पगारी माणूस. मासे मेल्यावर साहेबानं प्लास्टिकची पोवळी बसवून घेतली. पाहुण्यांना फरक कळत नाही म्हणे. अशा लोकांना हरण्याची लाज वाटते, खोट्याची वाटत नाही.

शेवटचा घाला मात्र घरातूनच आला. मामा छातीत दुखून दवाखान्यात होता. बबनभाऊंच्या भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून टांगलेल्या आहेत आणि मोबाइलमध्ये ज्योतिषाचा नंबर आहे. ज्योतिषानं सांगितलं, माशांना कणकेच्या गोळ्या घाला, संकट टळेल. लोक त्यासाठी तलावावर जातात. बबनभाऊंच्या श्रद्धेला तेवढंही ऊन सोसवेना. मासे तर घरातच होते. सकाळी मी गेले तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं. दोन्ही मासे मेलेले, पोवळी विरघळत चाललेली.

"मामाले सांगू नको," सगळे म्हणाले. आमच्याकडं आजाऱ्याशी खोटं बोलण्याला माया म्हणतात. मी सांगितलं. मामा उशाशी बसलेल्या बबनभाऊंना म्हणाला, "साले साहेब, मासे तर देऊन आले. आता मले वाचवाच, नाहीतर सौदा खोटा." मामा माझ्याकडं वळला. "पाणी एकदम नको बदलू. थोडं थोडं. अन् दगडामागं पाहून ठेव, पोवळ्याची एखादी कळी जिवंत असन."

मी तसंच करत राहिले... आणि एके दिवशी दगडामागं खरंच दिसली, नखाएवढी, तपकिरी, उघडलेली. हे सांगायला मी दवाखान्यात निघाले होते, तेवढ्यात तो फोन आला.

मामाच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला जमलेल्या लोकांना बबनभाऊ सांगत होते, "आमच्याकडून पूरी कोशिश झाली. मासेच कमी पडले." शिकल्यासवरल्या, पेन्शन घेणाऱ्या माणसांनी गंभीरपणे माना हलवल्या. त्या माना आठवल्या की मला अजून किळस येते.

लोक गेल्यावर बबनभाऊ दोघांना घेऊन टाकी उचलायला निघाले. मामी खोलीच्या दारात उभी राहिली. त्या खोलीत शिरणाऱ्याला मामा आधी हात दाखवायला लावायचा. साबण, तेल, तंबाखू-सुपारीचा खर्रा, कशाचाही वास आला तर परत. मामीनं भावाचे हात धरले, उलटेपालटे केले, नाकाशी नेले.

"खर्रा खाल्ला नं? धुऊन ये."

ते धुऊन आले. तिनं पुन्हा वास घेतला. "पुन्हा."

"दीदी, टाकी तर उचलाचीच आहे."

"कोणाले विचारून? जा, पुन्हा धू."

ते मोरीकडं गेले, आणि तिथूनच घरी. कळी वाढते आहे. आता मीही दारात थांबते आणि मामीपुढं मुकाट्यानं हात करते.